हद्दीच्या दगडावर तीनदा

घर भाड्यानं देताना मालक काय काय विचारतात ते मला पाठ झालं होतं. लग्न झालंय का, घरी कोण येतं-जातं, परतायला उशीर होतो का. या गृहस्थांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. मी वरच्या खोलीची किल्ली मागितली तेव्हा ते पायात चपला सरकवत म्हणाले, "किल्ली नंतर. आधी दगड."

घरामागच्या मोकळ्या जागेत गुरुवारचा बाजार भरला होता. त्या जागेच्या एका कोपऱ्यात जमिनीतून वीतभर वर आलेला एक दगड होता. वरचा भाग घासून गुळगुळीत झालेला, त्यावर छिन्नीनं कोरलेली फुली. मला वाटलं, नारळ फोडायचा असेल. तेवढ्यात त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, माझा एक दंड धरला आणि शेजारीच भाजी मांडून बसलेल्या गयाबाईंनी उठून दुसरा धरला.

"अंग सैल सोडा, म्याडम," गयाबाई म्हणाल्या. "ताठ धरलं की लई लागतं."

आणि त्या दोघींनी मला उचलून त्या दगडावर तीनदा आपटलं. बेतानंच, पण आपटलं. भर बाजारात. एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून रुजू होऊन मला चार दिवस झाले होते, आणि ज्यांना मी पुस्तकं देणार होते त्यातले दोन-तीन विद्यार्थी हातात पिशव्या घेऊन हे पाहत उभे होते.

मी तिसऱ्यांदा दगडावर बसले तसे घरमालक माझ्या शेजारी वाकले. "समोर काय दिसतंय?"

"भाजी," मी म्हणाले.

"भाजी उठून जाते. न उठणारं सांगा."

मी नीट पाहिलं. "मारुतीच्या देवळाचा कळस. त्याच्या मागं पाण्याची टाकी."

"बरोबर मागं?"

"बरोबर मागं. कळस टाकीच्या मधोमध आहे."

"मोठ्यानं सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

मी मोठ्यानं सांगितलं. त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "आमच्या गावचा रिवाज आहे. नव्या माणसाला हद्दीच्या दगडावर तीनदा बसवायचं. बायकांचं तोंड पूर्वेला, पुरुषांचं उत्तरेला. मग तो गावचा झाला."

"कुठलं गाव तुमचं?"

"स्कॉटलंडमधलं," ते म्हणाले, आणि भेंडी निवडायला लागले.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ते गेले. आता पावसाळा सरत आलाय आणि मी हे हळूहळू लिहिते आहे, कारण भराभर लिहिलं की ते विनोदी होतात, आणि फार जपून लिहिलं की ते ते राहत नाहीत.

त्यांचा जन्म फर्दापूरचा. नोकरी मोजणी खात्यात. सगळं आयुष्य साखळी, फळी आणि नकाशे घेऊन ते मराठवाड्यातल्या बांधांवरून चालले. तरुण असताना एकदा शहागंजातल्या रद्दीवाल्याकडे त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. इंग्रजी त्यांना तेव्हा जेमतेम येत होतं. त्यांनी ते घेतलं ते आतल्या नकाशासाठी. पुस्तकाच्या शेवटी घडी घालून चिकटवलेला एका लहानशा बाजारगावाचा नकाशा होता, आणि त्यावर गावाच्या हद्दीचा एकूण एक दगड आकड्यानिशी दाखवला होता. "असा नकाशा मी आपल्या खात्यात पाहिला नव्हता," ते सांगत. "मग वाटलं, एवढी हद्द सांभाळणारी माणसं आहेत तरी कोण ते बघू."

बघता बघता त्यांनी ते पुस्तक इतक्या वेळा वाचलं की त्यांचं सगळं इंग्रजी त्याच्यातूनच आलं. त्यामुळे बाजारपट्टी, घंटेचा दोर, तुरुंगाचा पहारेकरी, मेंढ्यांचा जकातनाका यांना इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. मात्र नवीन सिमकार्ड घ्यायचं असलं की ते मला सोबत नेत.

गावाचं नाव त्यांनी कधीच सांगितलं नाही. मी ग्रंथपाल, मला राहवेना. मी विचारलं की म्हणत, "नाव सांगितलं की तुम्ही मोबाईलवर बघणार. आणि एकदा बघितलं की माणूस ऐकत नाही."

ऐकायला मात्र खूप होतं. त्या गावच्या गोष्टी ते ताज्या बातमीसारख्या सांगत. सकाळी मी कॉलेजला निघाले की फाटकाशी अडवत. चेहरा पडलेला असायचा. "नदीपलीकडच्यांनी घंटा नेली."

ही घंटेची गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल. त्या गावात बाजार उघडायचा तर मधल्या चौकातली घंटा वाजावी लागे. घंटा वाजल्याखेरीज सौदा केला तर तो सौदाच नव्हे. नदीपलीकडच्या गावाला हा बाजार खुपत होता. त्यांनी एका धुक्याच्या सकाळी घंटाच उतरवून नेली. आता बाजार उघडायचा कसा? माणसं मेंढ्या घेऊन, लोण्याचे गोळे घेऊन गप्प उभी राहिली. तेव्हा एका पाव विकणाऱ्या बाईनं आपलं पातेलं उपडं केलं आणि उलथन्यानं असं बडवलं की नदीपलीकडे ऐकू गेलं. बाजार उघडला. पुढं पलीकडच्यांना लाज वाटली आणि त्यांनी घंटा परत आणली, तर या गावचे म्हणाले, ठेवा तुम्हालाच, आमचं पातेल्यावर भागतंय.

"पण चोरली ती चोरलीच ना," ते शेवटी म्हणत, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे.

काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "त्या चोरांच्या पणतवंडांची पणतवंडं मेली आता. तुम्ही वरण-भात खा." काकूंचा या गावावर राग नव्हता, सवत जुनी झाल्यावर तिच्यावर राहत नाही तसा. त्या म्हणायच्या, "ह्यांच्या गावात पाऊस पडला की मी इथं वाळवण आत घेते."

आणखी एक गोष्ट त्यांना फार प्रिय होती. वेष पालटून बाजारात आलेल्या राजाला एका मासळीवालीनं घोड्याची बाजारपट्टी मागितली. राजा म्हणाला, मी राजा आहे. ती म्हणाली, असशील, पण घोडा बाजारात उभा आहे. राजानं पट्टी दिली. ही गोष्ट सांगून झाली की ते गयाबाईंकडे बघत, आणि गयाबाई विचारत, "मंग मासळी घेतली का नाय त्यानं?" त्यांना हे पुस्तकात सापडत नसे. ते अस्वस्थ होत.

गयाबाई बिडकीनच्या अलीकडच्या एका खेड्यातून येत. त्यांच्यासारख्या आणखी पंचवीस-तीस बायका गुरुवारी पहाटे जीपमध्ये पाट्या भरून येत आणि त्या मोकळ्या जागेत बसत. वसाहतीच्या जुन्या आराखड्यात ती जागा बाजारासाठी राखलेली. आठवड्यातला हा एकच दिवस त्यांना हक्कानं बसता येई. एरवी रस्त्याच्या कडेला पाटी टेकवली की कुणीतरी हाकलायला येतंच. "हितं बसलं की पाय लांब करता येतेत," गयाबाई मला एकदा म्हणाल्या होत्या. "बाकी समद्या जागी माणूस अर्धा उभाच."

तर हा गुरुवारचा बाजार आमच्या घरमालकांनी आपल्या स्कॉटलंडच्या गावाला दत्तक दिला होता. गयाबाईंनी आपली पितळी परात झाऱ्यानं बडवल्याशिवाय इथंही बाजार उघडत नसे. सुरुवातीला बायका हसल्या असतील. मी आले तेव्हा कुणी हसत नव्हतं. परात वाजायच्या आधी भाव विचारला तर गयाबाईच गिऱ्हाइकाला दटावत, "थांबा ओ दादा, आजून वाजलं नाय."

वर्षाचा मोठा दिवस मात्र हद्दीच्या फेरीचा. त्या गावात म्हणे वर्षातून एकदा सगळं गाव घोड्यावर बसून, गाणी म्हणत हद्दीवरून फिरून येतं. कुणी दगड सरकवलाय का, कुणी कुंपण पुढं घेतलंय का, ते सगळे मिळून बघतात. हे सांगताना त्यांचे डोळे चमकत. "आपल्याकडं भांडण झाल्यावर मोजणी येते. तोवर भावाभावाचं बोलणं तुटलेलं असतं. मी मोजलेल्या बांधांवर मी लग्नाएवढी गर्दी पाहिली आणि एक माणूस हसताना पाहिला नाही. तिथं भांडण व्हायच्या आधीच सगळे जाऊन बघून येतात. वर खातात, पितात, नाचतात. दगडाला पाय असतात बाई. रोज कुणीतरी बघत असलं तरच तो बसून राहतो."

फेरीसाठी घोडा हवा होता. तो रशीदभाईंकडे होता. रशीदभाई बाजारतळामागच्या गल्लीत राहत आणि लग्नाला घोडी देत. घोडीचं नाव बिजली. नावात जेवढी चपळाई होती तेवढी सगळी नावातच संपली होती. लग्नाचे मुहूर्त आटोपले की बिजली रिकामी होई, म्हणून आमच्याकडची फेरी त्या सुमाराला ठरली.

पहिली फेरी माझ्या येण्याआधीची, पण ती मला तिघांनी तीन प्रकारे सांगितली आहे. ते लाल-हिरव्या चौकड्यांची शाल खांद्यावरून तिरकी घेऊन बाहेर आले आणि बिजलीवर बसले. बिजली हलेना.

"काका, ये शादी की घोडी है," रशीदभाई म्हणाले. "बाजा नै तो बिजली नै."

बँडवाले गावी गेलेले. शेवटी गयाबाईंनी परात घेतली आणि बडवायला लागल्या. बिजलीनं कान टवकारले आणि एक पाय उचलला. दुसऱ्या पायाला दुसरी परात लागली. अशा तीन-चार पराती, मागं निम्मा बाजार आणि वर शाल पांघरलेले, सत्तरी गाठलेले गृहस्थ. गच्च्यांवर माणसं आली. एकानं वरून विचारलं, "काका, नवरी कुठली?"

"स्कॉटलंडची," काकू खालून म्हणाल्या. "मला विचारून चाललेत."

पुढं एका फाटकाला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. बिजली तिथं थांबली. परात वाजली, दोर ओढला, रशीदभाईंनी कानात काय काय सांगितलं, पण ती ढिम्म. तोरण दिसलं की थांबायचं आणि ओवाळून झाल्यावरच पुढं जायचं, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. अखेर त्या घरातल्या बाई निरांजन घेऊन आल्या, त्यांनी घोडीला आणि घोडीवरच्या गृहस्थांना ओवाळलं, तेव्हा बिजली चालू लागली.

दुसऱ्या वर्षी फेरीच्या दिवशी त्याच फाटकाला तोरण होतं. मुद्दाम बांधलेलं. तिसऱ्या वर्षी चार फाटकांना. मी राहायला आले तेव्हा ते मला समजावून सांगत होते, "आमच्या गावात फेरीच्या दिवशी बायका घोड्याला ओवाळतात."

"स्कॉटलंडमध्ये?"

"मग कुठं?" ते म्हणाले.

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. "हौ ना. वो घंटी का केस भी अब्बी चालू है."

फेरी कोपऱ्यावरच्या फुलीच्या दगडाशी संपे. मग वर्षभरात आलेली नवी माणसं उचलून तीनदा बसवायची. भाडेकरू, नव्या सुना, एक जावई, बँकेत बदलून आलेले साहेब. प्रत्येकाला तोच प्रश्न, समोर काय दिसतंय. प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं. मग खिचडी. मी कमी बोलणारी बाई आहे. गर्दी मला सोसत नाही. पण त्या दिवशी सकाळपासून माझं वाचनात लक्ष लागत नसे, आणि लांबून पहिली परात वाजली की मी चष्मा कपाटावर विसरून जिना उतरत असे.

या वर्षी जानेवारीत बाजारतळाशेजारचा प्लॉट विकला गेला आणि तिथं पाया खोदायला सुरुवात झाली. चुन्यानं आखलेली नव्या भिंतीची रेघ बाजारतळात चांगली आत आली होती. भाजीवाल्यांच्या दोन रांगा त्या रेघेत जात होत्या. राहिलेल्या पट्टीत रस्ता सोडला तर बसायला काही उरत नव्हतं. बांधणाऱ्यांचा माणूस शांतपणे म्हणाला, "आम्ही रस्त्याच्या कडेपासून मोजलंय. कागदाप्रमाणं."

ते तिथंच हसले. रस्ता मधल्या काळात रुंद झाला होता. रस्त्याची कड आत सरकली, की तिथून मोजलेली प्रत्येक भिंत तेवढीच आत सरकते. "रस्त्यापासून मोजायचं नसतं," ते म्हणाले. "दगडापासून मोजायचं." त्यांनी कचेरीत जाऊन रीतसर मोजणीचा अर्ज केला. मोजणीची तारीख उन्हाळ्यातली मिळाली. ते लग्नघरातल्यासारखे वावरायला लागले. मोजणीवाल्याला चहा द्यायचा की सरबत यावर त्यांचं आणि काकूंचं भांडण झालं.

मग त्यांचा श्वास अडकायला लागला आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्याच आठवड्यात पाया खोदताना निघालेली माती, जुन्या विटा, फरशीचे तुकडे असा सगळा ढिगारा बाजारतळाच्या त्या कोपऱ्यावर येऊन पडला. कुणी मुद्दाम टाकला की ट्रॅक्टरवाल्यानं सोयीनं टाकला ते मला माहीत नाही. यंत्रानं तो पसरवला तेव्हा दगडाचा मागमूस राहिला नव्हता.

गयाबाई दवाखान्यात आल्या होत्या. बाहेरच मला म्हणाल्या, "त्येंना सांगू नका." आम्ही सांगितलं नाही. ते उशीला टेकून विचारत होते, "दगड आहे ना जागेवर?" आणि गयाबाई म्हणाल्या, "जाईल कुठं? बसलाय की." दोन दिवसांनी ते गेले.

तेरावा झाल्यावर काकूंनी ते पुस्तक मला दिलं. म्हणाल्या, "मला हे ठेवून काय करायचंय? आणि रद्दीत घालवत नाही." मी ते खोलीवर आणून सावकाश वाचायला घेतलं. घंटा होती. पातेलंही होतं. राजा आणि मासळीवाली होती. हद्दीची फेरी होती, घोडे होते. नव्या माणसाला दगडावर बसवण्याची चालही होती, दोन ओळींत. उचलायचं, तीनदा टेकवायचं, सोडून द्यायचं. ओवाळणं अर्थातच नव्हतं.

मोजणीचा दिवस उजाडला तेव्हा आम्ही सगळे त्या ढिगाऱ्यावर उभे होतो. मोजणीवाला तरुण होता, सभ्य होता. त्यानं तिपाईवर यंत्र लावलं, नकाशा पाहिला आणि म्हणाला, "जुन्या खुणा सगळ्या गेल्यात. एखादी तरी पक्की खूण दाखवा. नाहीतर मला रस्त्यापासून धरावं लागेल."

"हाय की खूण," गयाबाई म्हणाल्या. "ह्या हितं."

"हितं नै अम्मा, वहां," रशीदभाई पार पलीकडे जाऊन उभे राहिले. "उसाच्या रसाची गाडी लागत होती ना, उसके बाजू में."

"ती गाडी दर साली जागा बदलती. माज्या पाटीपासून दोन हात व्हता."

"तुमारी पाटी कौनसी एक जगा रहती?"

बँकेतले साहेब तिसऱ्याच ठिकाणी उभे राहिले. काकूंनी चौथी जागा दाखवली. ढिगारा मोठा होता, आणि प्रत्येक जण मनापासून, खात्रीनं, वेगळ्या जागी उभा होता. बांधणाऱ्यांच्या माणसानं घड्याळ पाहिलं. मोजणीवाला यंत्र उचलून रस्त्याकडे निघाला. गयाबाईंच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. त्या खाली वाकून आपली परात पुसत होत्या, आणि परात स्वच्छच होती.

मी त्या पुस्तकातल्या दोन ओळी मनात पुन्हा वाचत होते. उचलायचं, तीनदा टेकवायचं, सोडून द्यायचं. आणि एकदम लक्षात आलं. त्या ओळींत प्रश्न नव्हता. समोर काय दिसतंय, हे त्या गावात कुणी कुणाला विचारतच नव्हतं. बायकांचं तोंड पूर्वेला आणि पुरुषांचं उत्तरेला, हेही तिथं नव्हतं. हे स्कॉटलंडचं नव्हतंच. हे आमच्या मोजणीवाल्याचं होतं.

"थांबा," मी म्हणाले. "साहेब, जरा थांबा. रशीदभाई, तुम्हाला दगडावर बसवलं तेव्हा तुम्ही समोर काय दिसतंय म्हणून सांगितलं होतं?"

"मैं? वो दो पिवळ्या बिल्डिंगां, उनके बीच की फट में मस्जिद का मिनार."

"आणि तुम्ही, साहेब?"

"दोन इमारतींच्या फटीतून मिनार," बँकेतले साहेब म्हणाले. "त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं."

"गयाबाई?"

गयाबाईंनी मान वर केली. "कळस. मारुतीचा. अन् त्याच्या पाठीमागं टाकी, मधोमध."

मोजणीवाला रस्त्याच्या कडेला थबकला होता. त्याला सगळ्यांच्या आधी समजलं. तो यंत्र घेऊन जवळजवळ पळतच परत आला.

त्यानंतरचा अर्धा तास मी विसरणार नाही. बायका ढिगाऱ्यावर आडव्या सरकत होत्या, कळस टाकीच्या मधोमध येईपर्यंत. "अजून जरा." "आला." "नाय आला, बाई, आजून टाकीच्या काठावर हाय." पुरुष दुसऱ्या अंगानं सरकत होते, मिनार फटीत येईपर्यंत. फट अरुंद होती. एक पाऊल चुकलं की मिनार इमारतीमागं जाई. बायकांची एक ओळ झाली, पुरुषांची दुसरी झाली. मोजणीवाल्यानं दोन्हीकडून दोरी ताणायला लावली. दोऱ्या जिथं एकमेकींवरून गेल्या तिथं त्यानं टाचेनं खूण केली.

"खणा," तो म्हणाला.

रशीदभाईंनी कुदळ घेतली. विटा निघाल्या, फरशीचे तुकडे निघाले, मग जुनी काळी जमीन लागली. कुदळीचा आवाज एकदा बदलला. दगडाचं डोकं यंत्रानं उडालं होतं, फुली गेली होती. पण खालचा दगड जमिनीत तसाच होता. मोजणीवाला गुडघ्यावर बसला आणि हातानं कडेची माती उकरायला लागला. खूप खाली गेल्यावर त्याची बोटं काळी होऊन बाहेर आली.

"कोळसा," तो म्हणाला. "जुने लोक हद्दीचा दगड रोवताना खाली कोळसा घालत. कोळसा कुजत नाही. हा दगड कुणी नंतर आणून पुरलेला नाही." मग त्यानं मान वर करून विचारलं, "तुम्हा सगळ्यांना हे कुणी शिकवलं?"

काकू म्हणाल्या, "आमच्या घरातले होते. आधी तुमच्याच खात्यात होते."

मोजणी दगडापासून झाली. चुन्याची नवी रेघ जुन्या रेघेच्या पुष्कळ पलीकडे, बांधणाऱ्यांच्या खड्ड्यातून गेली. त्यांच्या माणसानं फोन लावला, बराच वेळ बोलला आणि शेवटी सही केली. सरबत झालं, चहाही झाला. कुणालाच घरी जायचं नव्हतं. गुरुवार नसताना गयाबाईंनी परात बडवली, आणि गल्लीत उभी असलेली बिजली कुणी न सांगता चालत आली.

मोजणीवाला तिपाई आवरत होता. काकू त्याच्याजवळ गेल्या. "साहेब, तुम्ही या गावात नवीन ना?"

"हो. मागच्याच महिन्यात बदली झाली."

काकूंनी रशीदभाईंकडे पाहिलं, रशीदभाईंनी बँकेतल्या साहेबांकडे. मोजणीवाल्याला काही कळायच्या आत त्या दोघांनी त्याचे दंड धरले. "अंग सैल सोडा," मी म्हणाले. त्या तुटक्या दगडावर त्याला उत्तरेकडे तोंड करून एकदा, दोनदा, तीनदा बसवलं. विचारणारा माणूस आता नव्हता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी त्याच्या शेजारी वाकले. "समोर काय दिसतंय?"

तो अजून हसत होता. त्याच्या समोर गयाबाई आणि त्यांच्या बरोबरच्या बायका घोळका करून उभ्या होत्या. "बाया दिसतात," तो म्हणाला. "भाजीवाल्या."

"न उठणारं सांगा."

तो गोंधळला. गयाबाईंनी परात खाली ठेवली, तिच्याशेजारी जमिनीवर बैठक मारली आणि पाय लांब केले.

"बराबर सांगितलं की त्येंनी," त्या म्हणाल्या. "आमी कुठं उठतोय आता."